भुताचा जळका गाल

बिजलीसिंग पहिल्या भागाच्या शेवटी घोड्यासकट दरीत पडला होता. खाली नदी, नदीत मगरी, आणि वरून खलनायकानं एक धोंडाही ढकलून दिला होता. म्हणजे कसर कुठंच ठेवली नव्हती. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो त्याच घोड्यावर बसून एका लग्नाला हजर झाला. मधे काय घडलं ते ना त्यानं सांगितलं, ना लग्नातल्या कुणी विचारलं. फरक एवढाच, की पहिल्या भागात पांढरा असलेला घोडा दुसऱ्यात तांबडा झाला होता.

कामरगावात शिखरचंद शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर या घोड्याची चर्चा दोन हिवाळे पुरली. बिजलीसिंगचे सगळ्यात मोठे भक्त म्हणजे प्राथमिक शाळेचे देवमन गुरुजी. त्यांचं म्हणणं, घोडा तोच. मालकाच्या काळजीनं जनावराचा रंग उतरतो. लालसिंग कारंज्याहून जीप चालवायचा, मूळचा मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. रस्त्यांचा अनुभव असल्यामुळं त्याला शंका अशी होती, की दरीतून वर येताना अंगाला मुरूम लागला असेल. मी ऐकणारा होतो. चौथा होता शेठचा मुलगा देवेंद्रकुमार, आणि त्याला दुसरा भाग ही कल्पनाच मान्य नव्हती.

"मेलेला मानूस वापस आला तं त्याले भूत म्हनावं," तो म्हणायचा. "हिरो काहून म्हनता? आमच्या भुताचं पाहा. मेलं तं मेलो म्हनते. इमानदारीचं काम."

गुरुजी यावर कुठल्याशा गाण्याची शीळ घालत, पण त्यांना ते लागायचं.

देवेंद्रकुमार अकोल्याला बी.कॉम. झालेला. चोवीस वर्षांचा, शांत, गोरा, कापड मापताना मीटरला बोटभर जास्तच सोडणारा. त्याला आयुष्यात एकाच विषयात गती होती, आणि तो विषय विद्यापीठात नव्हता. भुतांचे सिनेमे. त्यातही 'सातवा तहखाना' हा त्याचा धर्मग्रंथ. विहिरीतून वर येणारा ठाकूर, हातात कंदील, एक गाल जळलेला. मध्यंतरापर्यंत भुताचा चेहरा दाखवत नाहीत, यातच त्या दिग्दर्शकाचं खानदान कळतं, असं देवेंद्रकुमार सांगायचा. वटवाघळाला बांधलेली दोरी दिसते, हे लालसिंगनं एकदा दाखवून दिलं, तर देवेंद्रकुमार म्हणाला, दोरी दिसते तरी भ्या वाटते का नाई? वाटायचं.

सिनेमा दाखवायचा लखीराम. दिवाळीनंतर त्याची टुरिंग टॉकीज बाजाराच्या मैदानावर तंबू ठोकायची, होळीला उठायची. मधे आठ-पंधरा दिवस अनसिंगपर्यंत फिरून यायची. बायकांची बाजू वेगळी हवी, ही गावोगावच्या पुढाऱ्यांची अट होती. लखीरामनं त्यावर सोपा तोडगा काढलेला. तंबूच्या मध्यभागी पडदा टांगायचा. मशीनच्या बाजूला पुरुष, पडद्याच्या मागं बायका. पडदा पातळ मांजरपाटाचा, चित्र दोन्हीकडून सारखंच उमटायचं. सारखंच म्हणजे उलटं. पुरुषांचा उजवा तो बायकांचा डावा. पाट्याही उलट्या दिसायच्या, पण त्या काळी गावात वाचणाऱ्या बायका थोड्या. ती लिपी उर्दू असावी असं आधी ठरलं होतं. मोमीनपुऱ्यातल्या बायकांनी ही उर्दू नाही असं सांगितल्यावर ती गुजराती ठरली.

एवढी साधी गोष्ट गावात कुणाच्या लक्षात कशी आली नाही, असं शहरातले वाचक विचारतील. त्याचं कारण गावाच्या सभ्यतेत आहे. सिनेमा पाहून आल्यावर पुरुष त्याबद्दल ओट्यावर बोलायचे, बायका आडावर बोलायच्या. नवरा-बायको घरात एकमेकांशी सिनेमाबद्दल बोलणं हे ताळ सोडल्याचं लक्षण होतं. घरात बोलण्याचे विषय ठरलेले: मीठ कमी आहे, पाहुणे कधी जाणार.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शिखरचंद शेठनी मुलाच्या लग्नाचं मनावर घेतलं. मुली दाखवायला सुरुवात झाली. अडचण अशी, की वडीलधाऱ्यांचं विचारून झालं, की देवेंद्रकुमार प्रत्येक मुलीला एकच प्रश्न विचारायचा. 'सातवा तहखाना' पाहिला का? एकीच्या घरी सिनेमाला बंदी होती. दुसरीनं पाहिला होता, पण भूत दिसलं की ती डोळे मिटायची, म्हणजे भूत सोडून सगळा पाहिला होता. कारंज्याच्या एका मुलीला वाटलं ते तीर्थक्षेत्र आहे. ती म्हणाली, बाबा यंदा नेणार आहेत. देवेंद्रकुमार नकार देत गेला, आणि शेठ नातेवाइकांना सांगत गेले, की पत्रिका जुळली नाही.

मग अनसिंगच्या उत्तमचंद शेठची अंगुरी निघाली.

उत्तमचंदांचं धान्याचं दुकान. सरळ माणूस. आपण आयुष्यात खोटं बोललो नाही हे ते इतक्यांदा सांगत, की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटायचं. शिखरचंद शेठही त्याच वाणाचे. दुकानात 'एकच भाव' अशी पाटी, आणि भाव खरंच एकच. दोन सत्यवादी घराणी एकत्र येणार म्हणून दोन्ही गावांतल्या समाजाला आनंद झाला. मुलाबरोबर एक मित्र नेण्याची पद्धत आहे. तो मुलापेक्षा दिसायला थोडा कमी असावा लागतो. तो मान मला मिळाला. शेठ, त्यांच्या पत्नी पानाबाई, देवेंद्रकुमार आणि मी, असे लालसिंगच्या जीपनं निघालो.

अंगुरी मॅट्रिक झालेली, सावळी, डोळे मोठे. नाव विचारल्यावर तिनं नाव सांगितलं, स्वयंपाकाचं विचारल्यावर मान हलवली, पर्युषणात किती उपास करते ते सांगितलं. पानाबाई खूश दिसत होत्या. मग उत्तमचंद म्हणाले, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू द्या, आता जमाना बदलला.

देवेंद्रकुमारनं विचारलं.

"तीनदा पाह्यला," अंगुरी म्हणाली.

मी देवेंद्रकुमारला बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा पाहिलं होतं. त्या दिवशी तो इतका फुलला नव्हता. डोळे मिटले नाहीत का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, डोळेच मिटायचे तर घरी निजावं. वटवाघळाची दोरी दिसली का? दिसली. मग भ्या वाटलं का? ती म्हणाली, दोरी पाहूनच जास्त वाटलं, दुसऱ्या टोकाला कोण धरून उभं आहे म्हणून. देवेंद्रकुमारनं माझ्याकडं पाहिलं. हा मुद्दा आमच्या ओट्यावर दोन हिवाळ्यांत कुणाला सुचला नव्हता. मग तिनं हेही सांगून टाकलं, की तिला बिजलीसिंगचे दोन्ही भाग आवडतात आणि दुसरा जास्त. एरवी एवढ्यावर तो उठून गेला असता. त्या दिवशी तो म्हणाला, हो, दुसऱ्यात घोडा चांगला आहे.

तिथंच थांबला असता तर ही गोष्ट इथंच संपून साखरपुडा झाला असता. पण माणूस रंगात आला होता. तो म्हणाला, विहिरीतून वर येताना कंदील वर जातो आणि ठाकूरचा जळका उजवा गाल दिसतो, तो क्षण...

"डावा," अंगुरी म्हणाली.

"उजवा."

"डावा जी. तुमीच डोये मिटले असान."

आतल्या खोलीत कुणीतरी हसलं आणि ते हसू लगेच पदरात कोंबलं गेलं. देवेंद्रकुमार नम्रपणे म्हणाला, की आपण तो सिनेमा अकरा वेळा पाहिला आहे. अंगुरी तितक्याच नम्रपणे म्हणाली, की अकरा वेळा पाहूनही असं व्हावं याचं तिला वाईट वाटतं.

परतीच्या वाटेवर वाशीम मागं पडलं. मग शिखरचंद शेठ म्हणाले, "गालाचं मले काई नाई. पन पोट्टी खोटं बोलली. अन् ठासून बोलली."

दोन दिवसांनी लालसिंग अनसिंगहून भाडं घेऊन आला तो निरोपही घेऊन आला. उत्तमचंदांचं म्हणणं, मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, पण खोट्याला चिकटून राहतो. मुलगी खोट्याच्या घरात द्यायची नाही. ज्याला उजवं-डावं कळत नाही तो दुकानात गिऱ्हाइकाला काय दाखवत असेल, असंही लालसिंगनं जोडलं. ते उत्तमचंद म्हणाले होते की रस्त्यात लालसिंगला सुचलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सोयरीक मोडल्यात जमा झाली. देवेंद्रकुमारनं जेवण कमी केलं. कापड मापताना तो आता मीटरला बोटभर कमी सोडू लागला, आणि हे शेठच्या फार लवकर लक्षात आलं. त्याचं म्हणणं एकच होतं: लग्न करीन तर त्याच मुलीशी. पण गाल उजवाच आहे, हेही त्याचंच म्हणणं होतं.

शेठनी साक्षी काढल्या. ओट्यावर जो येईल त्याला गाल विचारला जाऊ लागला. सगळे म्हणाले उजवा. शंकाच नको. मग पहिल्यांदाच कामरगावचे पुरुष घरी जाऊन बायकोशी सिनेमाबद्दल बोलले, फक्त खात्री करून घ्यायला. बायका म्हणाल्या डावा. पाटलाची बायको म्हणाली डावा, तेलिणीनं सांगितलं डावा. गावात एकही बाई उजवा म्हणेना. दोन दिवस गावात भाकरी करपलेल्या मिळाल्या. देवमन गुरुजींच्या घरी तर प्रकरण पुढं गेलं. त्यांच्या पत्नी चंपाबाईंनी डावा तर सांगितलाच, शिवाय बिजलीसिंग डावखुरा आहे असंही सांगितलं. तलवार डाव्या हातात धरतो, जेवतोही डाव्या हातानं, शिकवण नाही मेल्याला. गुरुजी रात्रभर जागे होते.

शेठनी घरात पानाबाईंना विचारायचं कारण नव्हतं, कारण त्या सिनेमा पाहत नसत. संध्याकाळी दिवसाउजेडी जेवण आटोपून मंदिरात जात. तरी शेठ ताटावर बसल्या बसल्या सहज बोलून गेले, की म्हणे डावा.

"डावाच हाये," पानाबाई म्हणाल्या, आणि पोळी वाढली.

शेठचा घास हातात राहिला. तुला काय माहीत, हे विचारलं तर ती खरं सांगणार, हे त्यांना ठाऊक होतं. सत्यवादी माणसाला काही प्रश्न टाळावे लागतात. त्यांनी लोणचं मागितलं.

कोडं देवमन गुरुजींनी सोडवलं. त्यांना बिजलीसिंगचा हात वाचवायचा होता. ते दुकानात आले, मांजरपाटाचा तुकडा मागितला, त्यावर शाईनं ठाकूरचा चेहरा काढला, एक गाल काळा केला. शाई पलीकडं उतरू दिली. तुकडा दोन्ही हातांनी उचलून धरला आणि शेठला आधी इकडून, मग तिकडून पाहायला लावलं.

शेठ दोनदा इकडून तिकडं गेले. म्हणाले, "ठीक हाये. मंग खरा कोनता?"

गुरुजी म्हणाले, दोन्ही खरे. शेठ म्हणाले, असं नसतं. मशीन आमच्या बाजूला, चित्र आमच्या बाजूनं पडतं, तर आमचं खरं आणि मागून दिसतं ती सावली. पोरगी मुद्दाम खोटं बोलली नसेल, पण बोलली खोटंच. कापडाचा तुकडा लालसिंगबरोबर अनसिंगला गेला आणि तसाच परत आला. उत्तमचंदांचा निरोप होता: माझ्या लेकीचे डोळे सोडून मी या चिंधीवर भरवसा ठेवत नाही. मी स्वतः येऊन पाहीन. उजवा निघाला तर माझी मुलगी खोटी, मी हात जोडून जाईन. डावा निघाला तर तुम्ही जोडा.

उत्तमचंदांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. भुताच्या गालासाठी ते पहिला पाहणार होते.

लखीरामनं त्या आठवड्यात बिजलीसिंगचा तिसरा भाग लावायचं जाहीर केलेलं. गुरुजी त्याची दीड वर्षं वाट पाहत होते. त्यांनी शाळेतल्या पोरांकडून मातीचा घोडासुद्धा करून घेतला होता, पांढरा आणि तांबडा अर्धा-अर्धा, म्हणजे काहीही निघालं तरी चालावं. आता 'सातवा तहखाना' मागवायचा म्हणजे तिसरा भाग परत जाणार. आम्ही तिघं त्यांच्याकडं गेलो. देवेंद्रकुमार मान खाली घालून नुसता बसला. चंपाबाईंनी आतून सांगितलं, की पोरगं सुकून राह्यलं, डावखुऱ्याचं काय मग पाहता येईल. गुरुजी उठले आणि स्वतः लखीरामला सांगून आले. भक्ताचा असा त्याग मी पुराणातही वाचला नाही.

लखीराम धंद्याचा माणूस. त्यानं टांग्याला भोंगा बांधून तीन दिवस गाव घुमवलं: उजवा की डावा, होणार फैसला, पहिला खेळ. तंबू दोन्ही बाजूंनी फुटायला आला. बायकांच्या दारावर लखीरामची बहीण रुपाबाई वेताची काठी घेऊन उभी असे. एकाही पुरुषाचं बोट त्या कनातीला लागू न देणं हा तिचा लौकिक होता.

पुरुषांच्या बाजूला शिखरचंद आणि उत्तमचंद शेठना शाळेतून आणलेल्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. अंगुरी आणि तिची आई पडद्यामागं गेल्या. पाहुण्यांची सोबत म्हणून पानाबाईही गेल्या; सोबतच ती, शेठ काय बोलणार. दिवे गेले. उत्तमचंदांनी आधी पाटी वाचली, मग ज्यांची नावं आली त्या सगळ्यांची वाचली, आणि हे सगळे कुठले म्हणून विचारलं. पहिला खून होताना ते उठून उभे राहिले. त्यांना खाली बसवावं लागलं. त्यानंतर त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून सुटला नाही.

मध्यंतर झालं. मध्यंतरानंतर वारा सुटला, विहिरीवरचा रहाट आपोआप फिरला. कंदील वर येऊ लागला. पुरुषांकडं एक खोकला ऐकू येईना. ठाकूर वर आला, कंदील चेहऱ्याजवळ गेला.

उजवा.

पुरुषांची बाजू गरजली. पडद्यामागूनही तेवढीच मोठी गर्जना आली, कारण तिकडं डावा निघाला होता. उत्तमचंद खुर्चीत तसेच बसून राहिले. पडद्यावरच्या उजेडात त्यांचा चेहरा मला दिसत होता. भुतानं त्यांचं काही बिघडवलं नव्हतं, लेकीनं बिघडवलं होतं. ते उठले, शिखरचंदांपुढं उभे राहिले, दोन्ही हात जोडले.

"माही पोरगी खोटी पडली," ते म्हणाले. "घेऊन जातो तिले. अनसिंगले सांगीन, आमच्याकडून मोडलं."

शिखरचंद शेठनी डोळे मिटून मान हलवली. विजय त्यांना शोभत होता. गुरुजी मधे पडून पडद्याचं पुन्हा सांगू लागले, तर उत्तमचंद म्हणाले, गुरुजी, मी डोळ्यानं पाहिलं. गुरुजी म्हणाले, तिकडून पाहा ना. यावर आजूबाजूचे हसले. तिकडून म्हणजे बायकांत. कामरगावात कुठल्या पुरुषानं तिकडून पाहिलं होतं?

देवेंद्रकुमार आमच्या पुढच्या रांगेत होता. त्याला काय करायचं हे कळलं तेव्हा त्याची मान लाल झालेली मला मागून दिसली. त्याची सगळी इज्जत उजव्या गालावर उभी होती. अकरा वेळा पाहिलेला माणूस म्हणून त्याला गाव ओळखत होतं. दुसरी ओळख त्यानं कमावली नव्हती. तो उठला, माणसांच्या मांड्यांवरून पाय टाकत पुढं गेला, पडद्याची खालची कड उचलली आणि आत वाकला. पुढचं अर्धं मिनिट पडद्यावर ठाकूरच्या हवेलीत एक बी.कॉम. मुलगा चार पायांवर फिरताना दिसला. मग पडदा खाली पडला.

पलीकडं एकच कल्ला झाला. रुपाबाईची काठी कुठंतरी वाजली, दोनदा. मग पुन्हा वारा सुटला, कंदील वर आला, आणि पडद्यामागून देवेंद्रकुमारचा आवाज आला. ओरडला नाही. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा स्पष्ट बोलला.

"काका, इकडून डावा हाये. अंगुरी खरं बोलली."

पुरुषांच्या बाजूला आधी कुणी समजलंच नाही. मग कुणीतरी म्हणालं, पोट्टा बायकोआदीच बायल्या झाला. तंबू हसला. उत्तमचंद हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून खिशात घातली, धोतर सावरलं, आणि ते पडद्याकडं चालायला लागले. साठीचा माणूस, त्यांना वाकायला वेळ लागला. लालसिंगनं पुढं होऊन पडदा उचलून धरला. ते गेले.

आता अख्खी पुरुषांची बाजू शिखरचंद शेठकडं पाहत होती. सिनेमाकडं कुणी पाहत नव्हतं. सत्यासाठी लेकीचा बाप पडद्याखालून गेला, आणि 'एकच भाव' खुर्चीवर बसून आहे. मग तेही उठले. मी त्यांच्यामागून गेलो. गेलो ते साक्षीदार म्हणून, असं मी रुपाबाईला नंतर सांगितलं.

पलीकडं गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की सिनेमा खरोखर तितकाच स्पष्ट होता. ठाकूर तिथंही तोच, फक्त गाल डावा. दुसरी गोष्ट दिसली ती शेठना. पहिल्याच रांगेत पानाबाई मांडी घालून बसल्या होत्या, नजर पडद्यावर, ओठ हलत होते. ठाकूर "ये हवेली मेरी है" म्हणायचा, त्याच्या आधी त्या म्हणून टाकत होत्या. पुढचं वाक्य लांबलचक होतं, उर्दू भरलेलं. तेही त्यांनी आधी म्हटलं, आणि एक शब्द चुकला नाही. ठाकूर मागं पडत होता.

शिखरचंद शेठ हे सगळं ऐकत उभे राहिले. मग त्यांनी तोंड फिरवलं.

देवेंद्रकुमार बायकांच्या मधोमध उभा होता, गुडघे मातीनं भरलेले, पाठीवर वेताचा वळ उमटत असावा कारण हात मागं होता. समोर अंगुरी बसलेली. तो तिला म्हणाला, की पडद्यामुळं असं होतं, दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात.

"मले मालूम हाये. पाट्या उलट्या दिसतेत ना. मले वाचता येते."

"मंग त्या दिवशी सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं कुठी," अंगुरी म्हणाली. "तुमी तं सांगून राह्यले होते."

देवेंद्रकुमार काही बोलला नाही. पण तो ज्या तऱ्हेनं काही बोलला नाही, ते पाहून मला कळलं, की आता हा माणूस चांगला नवरा होईल.

इकडं दोन बाप पडद्यापुढं उभे. उत्तमचंदांनी विचारलं, आता, शेठ, कोणाला खोटं म्हणायचं? शिखरचंद शेठ अडचणीत सापडले होते, आणि अडचणीत माणसाला धर्म आठवतो. कारंज्याच्या चातुर्मासात महाराजांनी अख्खा पंधरवडा अनेकांतावर प्रवचन दिलं होतं. शेठ रोज पुढं बसत आणि रोज डुलकी घेत. तरी काही कानात राहिलं होतं.

"महाराज म्हनत होते," ते म्हणाले, "वस्तूले बाजू अनेक असतात. स्यात्, म्हनजे एका परीनं, उजवा. स्यात् डावा. इकडून पाहाल तं..."

"हे तुमाले आदी काहून नाई सुचलं?"

शेठनी पानाबाईंकडं एकदा पाहिलं. त्यांचे ओठ अजून हलत होते. "आदी इकडून पाह्यलं नोतं," ते म्हणाले.

उत्तमचंदांनी टोपी खिशातून काढली, झटकली, डोक्यावर ठेवली. म्हणाले, पोरगं वाकलं, आपल्या अकरा वेळांवर पाणी सोडलं, माझ्या लेकीचा शब्द गावासमोर धरला. असा जावई बाजारात मिळत नाही. मुहूर्ताचं कसं करायचं? शिखरचंद म्हणाले, होळीच्या आधी बरं. उत्तमचंद म्हणाले, होळीच्या आधी आमचा माल यायचा असतो. शिखरचंद म्हणाले, मग अक्षय तृतीयेला धरू. लग्न अनसिंगला की कामरगावला, यावर दोघांचा आवाज थोडा वाढला, आणि ते बोलत बोलत पडद्याच्या बरोबर मध्यभागी येऊन उभे राहिले. मागं ठाकूर सातव्या तहखान्याचं दार उघडत होता.

"ओ शेठ," रुपाबाईची काठी जमिनीवर आपटली. "सोयरीक भाएर जाऊन करा. भूत येऊन राह्यलं."

मागच्या बायकांनीही ओरडा केला, की दिसत नाही, खाली बसा. दोघे व्याही होते तिथंच, पानाबाईंच्या शेजारी, मुकाट्यानं खाली बसले.